समुद्र दिसलाच पाहिजे?

अलिबागजवळ मांडव्याला रो-रो बोटीतून उतरून आवास, किहीम, पार नांदगावपर्यंत घरं बांधणाऱ्या मंडळींचा आणि त्यांच्या आर्किटेक्टांचा एक युक्तिवाद आता पाठ झाल्यासारखा कानावर पडतो. पाण्याच्या काठी जागा मिळाली आहे, तर घर पाण्याकडे सताड उघडं हवं. पश्चिमेला भिंतीऐवजी फरशीपासून छतापर्यंत काच, तिच्यापुढे काठोकाठ भरलेला तलाव, आणि त्याची कड समुद्राच्या रेषेला जाऊन मिळाल्याचा भास. आतल्या भिंती उंच, पांढऱ्या, रिकाम्या, कारण तिथे चित्रं लागायची आहेत. अशा घरात म्हणे कला आणि निसर्ग यांचा संवाद घडतो, घर निसर्गात विरघळून जातं आणि मुलंबाळं लाटांच्या आवाजात वाढतात.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. विरोध करणारा एकतर अरसिक ठरतो, नाहीतर दुसऱ्याच्या पैशावर जळणारा. म्हणून आधीच सांगून टाकतो: मला आधुनिक घर आवडतं, घरात चित्रं असावीत असं वाटतं आणि समुद्राचं मलाही वेड आहे. माझं म्हणणं एवढंच, की या पद्धतीने बांधलेल्या घरात चित्र टिकत नाही, किनारा टिकत नाही, आणि ज्या कुटुंबाच्या नावाने ते बांधलं जातं ते कुटुंब तिथे फारसं राहत नाही. या तिन्हीचं मूळ एकाच ठिकाणी आहे. घर बांधताना समुद्र दिसण्याचा विचार होतो, सावलीचा होत नाही.

भूगोल साधा आहे, शाळेतल्या पोराला कळेल असा. कोकणचा समुद्र पश्चिमेला. दुपारनंतरचं तिरपं ऊन पश्चिमेकडून येतं. जूनपासूनचा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर बसून त्याच बाजूने घरात शिरतो. मीठही तिकडूनच येतं. म्हणजे जिकडे देखावा, तिकडेच घराचे सगळे शत्रू. असं असताना नेमकी तीच बाजू काचेची करायची, हा विचार या किनाऱ्यावर सुचलेला नाही. दुसऱ्या हवेत काढलेल्या फोटोंवरून तो उचललेला आहे. परिणाम कोणत्याही अशा घरात एप्रिलच्या दुपारी जाऊन बघावा. रिमोटवर चालणारे पडदे खाली आलेले असतात, एसी चालू असतो आणि समुद्र पडद्यामागे असतो. लाखो रुपयांची काच लावायची, मग ती झाकायला आणखी पैसे घालायचे, मग आत साठलेली उष्णता बाहेर काढायला विजेचं बिल भरायचं. याला निसर्गात विरघळणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

गंमत अशी की हा पेच मुंबईतच, चाळीसेक वर्षांपूर्वी एका माणसाने स्वच्छ मांडून सोडवून दाखवला होता. पेडर रोडवरची चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही 28 मजली इमारत 1983 साली पूर्ण झाली. कोरियांचा मुद्दा असा: मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण तापतं ऊन आणि धो धो पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती व्हरांडे गुंडाळून यावर तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून इमारतीच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीचे खोल सज्जे म्हणून बसवला. समुद्र दिसतो, पण सावलीतून दिसतो. आधुनिक म्हणायला याहून आधुनिक काय हवं? एवढं उदाहरण खाडीपलीकडे असताना अलिबागच्या वाळूवर काचेची पेटी उभी करणं मला तरी आळस वाटतो.

आता चित्रांकडे येऊ, कारण कलेच्या नावाने सगळ्यात जास्त थाप तिथेच मारली जाते. कागदावरच्या कामांवर, म्हणजे जलरंग, रेखाटनं, मुद्राचित्रं यांवर, संग्रहालयं साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. तैलचित्रांना दोनशेच्या आसपास चालतो. भर दुपारचं उघडं ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. उजेडाने झालेलं नुकसान साचत जातं आणि ते परत भरून येत नाही. उडालेला रंग उडाला. ओलाव्याचंही तसंच. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर, कॅनव्हासवर बुरशी धरते, आणि आपल्या किनाऱ्यावर जुलैत ती 80-90च्या खाली यायचं नाव घेत नाही.

किहीमच्या अलीकडच्या एका बंगल्यात सप्टेंबरात मी एक जलरंगातलं निसर्गचित्र पाहिलं. मालक सज्जन, चित्रांची खरी आवड असलेले. नुसती गुंतवणूक म्हणून घेणारे नव्हेत. चित्राच्या माउंटवर खालच्या कडेने बारीक तपकिरी ठिपके उठले होते, चहाचे शिंतोडे उडावेत तसे. चौकटीमागच्या खिळ्याचा गंज पांढऱ्या भिंतीवरून वीतभर ओघळला होता. खाली हवेतलं पाणी शोषणारं यंत्र घरघरत होतं आणि केअरटेकर त्याची भरलेली टाकी उपसून बागेत ओतून येत होता. ‘लाइट गेली की हे बंद,’ तो म्हणाला, ‘आणि पावसात लाइट जातेच.’ चित्राच्या बरोबर समोर ती प्रसिद्ध काचेची भिंत होती. जी खोली चित्रासाठी बांधली म्हणून सांगितलं गेलं, त्या खोलीत ते चित्र लावायला एकही योग्य भिंत नव्हती.

यावर उत्तर येतं: मग काय, समुद्रकाठी कला नकोच? हवी तर! पण कोणती आणि कशी, हे त्या जागेला विचारावं लागतं. आणि याचं उत्तर शोधायला परदेशी जायची गरज नाही. याच मांडवा-अलिबाग पट्ट्यात सासवणे गाव आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तिथले. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, 1928 सालचा, त्यांचा. हा माणूस 1891 साली जन्मला, नाव कमावलं आणि स्वतःच्या गावातल्या घरात शिल्पं घडवून ठेवली. आज ते घर शिल्पालय म्हणून पाहता येतं. तिथे गेल्यावर डोळ्यांत भरतं ते असं, की त्यांनी कितीतरी कामं सिमेंटमध्ये केली आहेत. गावातली माणसं आहेत, जनावरं आहेत, एक म्हैस तर अशी की अंगावरची माशी उडवायला आता शेपूट हलवील. सिमेंट म्हणजे आर्किटेक्टांच्या भाषेत हलकं साहित्य, संगमरवर आणि ब्राँझच्या पंक्तीत न बसणारं. पण खाऱ्या हवेत, पावसात, झाडाखाली ते उभं राहतं. या किनाऱ्यावर कलेचं घर कसं असतं ते करमरकरांनी कुठलाही जाहीरनामा न काढता दाखवून दिलं: माध्यम हवेला झेपेल असं, माणसं भोवतालची, आणि घर गावातलं. त्यांच्या नात्यातले प्रभाकर बरवे 1936 साली जवळच्याच नागावात जन्मले. भारतीय आधुनिक चित्रकलेतलं एवढं मोठं नाव या वाडीतून निघालं, आणि आज त्याच वाड्यांत घरं बांधणारे ‘इथे कला आणू’ असं म्हणतात! आणू कसली, ती होतीच.

खाली तळकोकणात पाहिलं तरी तेच. पिंगुळीच्या चित्रकथी कागदावर रंगवलेल्या. त्या भिंतीवर कधी टांगल्या गेल्या नाहीत. पोथीसारख्या बांधून ठेवायच्या, दिव्याच्या उजेडात एकेक चित्र काढून कथा सांगायची, पुन्हा बांधायची. सावंतवाडीच्या गंजिफा लाखेच्या रोगणाखाली, रंगवलेल्या पेटीत. ओल्या मुलखाने आपली चित्रं अंधारात जपली आणि हवी तेव्हा उजेडात आणली. आजच्या घरालाही हे जमण्यासारखं आहे: एक आतली कोरडी खोली, चित्रांसाठी कप्पे, आणि भिंतीवर एका वेळी दोनच चित्रं, ऋतूप्रमाणे बदलती. पण मग पाहुण्यांना सगळा संग्रह एकदम दिसत नाही. अडतं ते तिथे.

काचेच्या घराचे समर्थक वाद पेटला की आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोहचं नाव काढतात. काढू द्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यात, फॉक्स नदीच्या काठी, त्याने डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या शिकागोच्या डॉक्टरबाईंसाठी बांधलेलं घर 1951 साली पुरं झालं. चारी बाजूंनी काच, पांढरे पोलादी खांब, जमिनीपासून सुमारे पाच फूट उचललेली फरशी. विसाव्या शतकातल्या सगळ्यात देखण्या घरांत त्याची गणना होते आणि ती रास्त आहे. पण 1954 साली, म्हणजे तीन वर्षांत, नदी त्या फरशीवर चढून आत आली. 1996 साली पुन्हा आली, काच फोडून, आणि तेव्हाच्या मालकाच्या संग्रहातली कामं खराब करून गेली. 2008 साली पुन्हा. खुद्द डॉक्टरबाईंचं आर्किटेक्टशी भांडण कोर्टापर्यंत गेलं होतं आणि काचेच्या पेटीत सदैव उघड्यावर असल्यासारखं वाटतं ही त्यांची तक्रार होती. घर आज वस्तुसंग्रहालय आहे, तिथे कुणी राहत नाही. ज्याला त्याची नक्कल अरबी समुद्रासमोर करायची आहे त्याने हा उत्तरार्धही वाचावा.

निसर्गाबद्दल जे बोललं जातं ते तर कलेहून पोकळ. किनारा म्हणजे पाणी आणि वाळू एवढंच नसतं. भरतीच्या वर पुळण असते, तिच्यावर मर्यादवेल पसरलेली असते, मागे केवडा, सुरू, मग माड. ही सगळी रांग वाळू धरून ठेवते आणि वाऱ्याचा पहिला तडाखा अंगावर घेते. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं तेव्हा ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वाऱ्याने रायगडातल्या वाड्या झोपवल्या. माडपोफळीच्या आडोशाची किंमत काय असते ते ज्यांची घरं उघडी पडली त्यांना विचारावं. देखाव्याच्या घराचं पहिलं काम काय असतं? ही रांग साफ करणं. वेल उपटायची, केवडा तोडायचा (त्यात साप असतात म्हणून), हिरवळ लावायची. हिरवळीला गोडं पाणी लागतं, तलावाला लागतं, ते विहिरीतून किंवा बोअरमधून उपसायचं. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो. जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं आणि शेजारच्या जुन्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. पुढे लाटा कुंपणापर्यंत आल्या की दगडांची भिंत घालायची. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत जिथे संपते तिथून पुढची जागा खाते. आपली जमीन वाचते, पलीकडच्याची जाते.

आणि दिवे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पुढे तिथला कासव महोत्सव सगळ्यांना ठाऊक झाला. मादी एका वेळी शंभरएक अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री तो उजेड पाण्यावरच असतो. काचेच्या भिंतीमागे झुंबर पेटवून बसलं की तो घरात असतो. घरात निसर्ग आणल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या निसर्गाने नेमकं कुठे जायचं ते ठरवून सांगावं.

‘पण आम्ही कायद्यात बसून बांधतो.’ हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना 1991ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र तिने आखलं. 2019च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे 2011च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161पेक्षा जास्त लोक असतील तिथे, ते 50 मीटरवर आणलं. रेषा सरकली की प्लॉटही पुढे सरकतात. त्यातही रेषा ओलांडली गेल्याची उदाहरणं सर्वांसमोर आहेत: किहीमचा नीरव मोदींचा बंगला जिल्हा प्रशासनाने मार्च 2019मध्ये सुरुंग लावून पाडला, कोचीजवळ मरडूला पाण्याकाठच्या इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी 2020मध्ये जमीनदोस्त झाल्या. पण माझा मुद्दा बेकायदा बांधकामांचा नाही, ती पाडायला यंत्रणा आहे. कायद्याने सांगितलेलं अंतर म्हणजे त्याच्या आत बांधलं तर गुन्हा, एवढंच. त्या अंतरावर चांगलं घर होतं असं कोणत्याही अधिसूचनेत लिहिलेलं नाही. खारा वारा 50 मीटरवर थबकत नाही. सळई गंजून फुगते, काँक्रीट फुटतं, म्हणून तर आपलं काँक्रीटचं प्रमाणक समुद्राच्या तुषारांत येणाऱ्या बांधकामाला सळईवर किमान 50 मिलिमीटर आवरण मागतं, आणि किनाऱ्यापासून दूरच्या घरातल्या कोरड्या भागाला 20. कंत्राटदाराने प्रत्यक्षात किती दिलं हे दहा वर्षांनी कळतं.

किती मागे सरकावं याचा अंदाज हवा असेल तर गुहागरला जावं, किंवा नागाव-चौलच्या जुन्या रस्त्याने चालावं. घरं रस्त्याकडे तोंड करून. मागे परस, विहीर, मग पोफळी, मग माड, मग बेडा म्हणजे वाडीचं फाटक, आणि त्यापलीकडे पुळण. ओटीवर बसलेल्याला समुद्र दिसत नाही, रात्री त्याची गाज ऐकू येते. समुद्राकडे जायचं तर मागच्या दाराने, वाडीतून, पायाखाली पाटाचं पाणी तुडवत जायचं. पावसाळ्याआधी पडवीला झापं बांधली की आतलं घर कोरडं.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक लगेच टाळ्या वाजवायला येतात, तर त्यांनाही दोन शब्द. जुनं कोकणी घर पुन्हा बांधा, असं मी म्हणत नाही. त्या घरातला माजघराचा अंधार बायकांच्या वाट्याचा होता. चुलीचा धूर, बाळंतिणीची कोंदट खोली, दिवसभर पाणी उपसणं. या काळोखाच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनी तो भोगलेला नाही. आणि जे काँक्रीटच्या स्लॅबवर शोभेला मंगलोरी कौलं टाकतात, चेट्टिनाडच्या मोडलेल्या घरांचे दरवाजे आणून अलिबागला बसवतात आणि वर ‘परंपरा’ म्हणतात, त्यांच्यापेक्षा मला काचवाले परवडले. ते निदान सोंग करत नाहीत.

नवं घर सावलीचं असू शकतं. नांदगावात माडांच्या वाडीत स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी 2007 साली बांधलेलं पामायरा हाउस पाहा. दोन लांबट लाकडी खोकी, मधे अंगण आणि तलाव, भोवती जवळपास सगळीकडे ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपा. उजेड गाळून येतो, वारा अडत नाही, घर माडांत दडलेलं राहतं. 2010च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत ते होतं. सुट्टीचंच घर आहे, श्रीमंताचंच आहे, पण किनाऱ्याशी भांडत नाही. श्रीलंकेत बेंटोटाजवळ देद्दुवा तळ्याकाठी आर्किटेक्ट जेफ्री बावांनी 1948 साली एक जुना रबराचा मळा घेतला आणि जवळजवळ पन्नास वर्षं तो घडवत राहिले. लुनुगंगा त्याचं नाव. बावा काही हळवे निसर्गपूजक नव्हते. पाणी नीट दिसावं म्हणून त्यांनी टेकडीचा माथा उतरवून घेतला. पण ते पाणी खोल ओट्यांवरून, छपराच्या आडून, झाडांमधून तुकड्यातुकड्याने दिसतं. शिल्पं झाडाखाली शेवाळ धरत बसली आहेत आणि ती तशीच शोभतात.

राहता राहिलं कुटुंब. बिनकठड्याच्या तरंगत्या जिन्यावर आजी कशी चढणार, हा प्रश्न मी अशा घरांचे फोटो छापणाऱ्या मासिकवाल्यांना विचारणार नाही; आजी फोटोत नसतात. पण बाराही महिने त्या घरात एक कुटुंब खरोखर राहत असतं. केअरटेकर, त्याची बायको, दोन मुलं. त्यांची खोली पंपघराला लागून, पत्र्याखाली, बऱ्याचदा कुंपणाच्या पूर्व टोकाला. ना वारा, ना समुद्र. आर्किटेक्टने मासिकाला दिलेल्या नकाशात ती खोली ‘सेवा’ या शब्दाखाली येते, फोटोत कधीच येत नाही. रोजगार दिला असं मालक म्हणतात, दिलाच आहे. वाडीही रोजगार देत होती, आणि जिथे जाळी सुकत, मासळी वाळत पडे ती पायवाट कुणाच्या बाउंडरीत गेलेली नव्हती.

तेव्हा बांधणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. प्लॉटचा सातबारा पाहाल तसा तिथला एक जुलै पाहा. एखाद्याच्या ओटीवर आठवडाभर राहायची सोय कुणीही करून देईल. घर माडांच्या मागे घ्या. पश्चिमेला निदान आठ-दहा फूट खोल पडवी काढा आणि काच तिच्या आत ठेवा. समुद्राकडचे दिवे नोव्हेंबर ते मे बंद राहतील असे बसवा. केअरटेकरची खोली नकाशात सगळ्यात आधी काढायला सांगा. आणि आर्किटेक्टला आगाऊ रक्कम देण्याआधी त्याला घेऊन सासवण्याला जाऊन या. तिथे त्याला करमण्यासारखं काही दिसलं नाही, तर दुसरा आर्किटेक्ट बघा.